पेटीतले मास्तर

"झोपलंय अजून."

टेम्पोच्या मागे जायचं, निळ्या ताडपत्रीची कड चार बोटं उचलायची, फटीला नाक लावायचं, डोळे मिटायचे, आणि मग हे दोन शब्द. आत पपईची साठ-सत्तर क्रेट असत. त्यातल्या एकाही फळाला हात न लावता टेम्पोवाले चाचा सांगत, माल झोपलाय, कूस बदलतोय की जागा झालाय. "कूस बदलतंय" म्हणजे उद्या. "जागं झालं" म्हणजे आत्ता, बाजूला व्हा, क्रेट उतरवा.

तुम्ही कधी सकाळी सोलापूरच्या फळबाजारात गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा सदरा, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल, आणि नाक ताडपत्रीत. हमाल मागून टोमणा मारायचे, "चाचा, आत नातू निजलाय काय?"

चाचा मागं न वळता म्हणायचे, "नातू असता तर उठवला असता. ह्यांना उठवता येत न्हाय. ह्ये आपणहून उठत्यात."

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा त्यांच्या गाडीचा नंबर छापला, तेवढं पुरे झालं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, एक प्रेसवाला ओळखीचा आहे आणि त्याच्याकडे पिवळ्या कागदाचा गठ्ठा पडून होता, म्हणून आमची पत्रकं पिवळी. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. पत्रकाची भाषा मला पाठ आहे. पहिल्या ओळीत विष, दुसऱ्या ओळीत पोरंबाळं, तिसऱ्या ओळीत प्रशासन. 'कदाचित' हा शब्द पत्रकात घालत नाहीत. जागा खातो.

तेव्हा आमची मोहीम कार्बाइडविरुद्ध होती. अजूनही आहे, आणि माझा त्याबद्दलचा राग जराही कमी झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून एखादा व्यापारी गालातल्या गालात हसायचा. कच्चं फळ तोडायचं, गाडीत भरायचं, पेटीत मध्ये ती करडी पावडर कागदाच्या पुडीत घालून ठेवायची. फळाच्या ओलीनं पुडी भिजते, गॅस सुटतो, बाजारात पोचेपर्यंत साल पिवळीधमक. आत कच्चा दगड. कायद्यानं बंदी आहे. पण बंदीही कागदावर आणि पावडरही कागदातच, दोघांचं छान जमतं.

तर मी बाजाराच्या गेटवर पत्रकं वाटत होते. लोक पत्रक घेतात, घडी घालतात, खिशात ठेवतात, किंवा केळ्याखाली अंथरतात. चाचांनी मात्र ते हातात धरून उभ्या उभ्या सगळं वाचलं. ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कोपऱ्यातल्या चित्रांवर बोट ठेवलं. मी चार फळांची चित्रं टाकली होती, आंबा, केळी, पपई आणि डाळिंब.

"हे डाळिंब कशाला घेतलंस गं?"

"का? सांगोल्याचं किती डाळिंब येतं इथं."

"येतंय की. पण त्याला पुडी कोण लावंल? डाळिंब झाडावरच पिकतं. तोडलं की संपलं त्याचं. मग तू त्याला पुडी लाव न्हाईतर हार घाल."

हमाल हसले. माझा पारा चढला. "तुम्ही व्यापाऱ्यांची बाजू घेताय."

"मी डाळिंबाची बाजू घेतोय," चाचा म्हणाले. "आणखी चार दे बघू कागद."

मी दिले. पुढच्या पत्रकातून डाळिंब काढलं, पण त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच गेटवर पत्रक उघडून पाहिलं, चित्रं मोजली, आणि मान हलवली. त्या दिवशी त्यांनी दहा मागितले. त्यानंतरच्या आठवड्यात पन्नास.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं पत्रकं वाटतेय, कुणी मागून नेलेलं नाही. मी गटाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं की एक टेम्पोवाला, शाळा फार न शिकलेला, दर आठवड्याला पन्नास पत्रकं गावोगाव नेतो. टाळ्या पडल्या. आमच्यातला विनायक म्हणाला, हे आपल्या अहवालात घालू. अहवालात घातलंही.

ते मला पत्रकवाली म्हणायचे. "क्या पत्रकवाली, आज किसकी बारी?" दुधाची, खव्याची, की अजून पपईचीच? त्यांच्याशी भांडायला मजा यायची, कारण ते भांडायचेच नाहीत. मी दहा वाक्यं बोलले की ते एक बोलायचे, आणि ते एक बहुतेक वेळा हेच असायचं, "एकदा संगं चल. मग लिही."

"कुठं?"

"फेरीला. नातेपुते, सांगोला, करकंब. तीन दिवस. गाडीत बस, वास घे, मग लिही."

"वेळ नाही हो चाचा. उद्या निवेदन द्यायचंय."

"तुला येळ न्हाय आन् पपईला घाई न्हाय. कसं जमायचं तुमचं?"

त्यांची गाडी हळू चालायची. इतकी हळू की बाकीचे ड्रायव्हर तिला वरात म्हणायचे. मोठ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या एकाच बागेत भरून एका दमात बाजारात येतात. चाचा ज्यांच्याकडे पाच क्रेट, आठ क्रेट निघतात अशा घरी जायचे. बांधावरची झाडं, विहिरीजवळचा तुकडा, अशा ठिकाणी. त्यांच्यासाठी मोठी गाडी कोण वळवतंय? ते सगळं मला ऐकून माहीत होतं. ऐकलेलं मला पत्रकापुरतं पुरत होतं.

आमच्या पत्रकात 'पुडीवाला माल कसा ओळखाल' असा एक तुकडा असायचा, सहा मुद्द्यांचा. मीच लिहिला होता. चौथा मुद्दा: पेटीत फळांमध्ये कागदाची पुडी खोचलेली दिसली की समजा, कार्बाइड.

एक दिवस सकाळी मी बाजारात जरा लवकर पोचले. चाचांचा टेम्पो लागलेला होता, चाचा चहाला गेले होते. ताडपत्रीची मागची कड उचलून दोरीनं बांधलेली. मी सहज आत पाहिलं. उसाच्या पाचटावर क्रेट रचलेली, क्रेटमध्ये पपया, आणि पपयांच्या मधे कागदाच्या पुड्या. एक नाही, दोन नाही. काही क्रेटमध्ये एक, काहींत तीन. चुरगळलेल्या, रद्दीच्या कागदासारख्या.

चौथा मुद्दा.

हाच माणूस माझ्या पत्रकातलं डाळिंब काढायला लावतो. हाच माणूस मला सांगतो, आधी वास घे मग लिही. ह्याच्या नावानं मी टाळ्या घेतल्या. मी फोन काढला आणि चार फोटो घेतले, आतले दोन, गाडीच्या मागच्या बाजूचे दोन, नंबरासकट. चहाच्या टपरीपर्यंत चाळीस पावलं असतील. मी तिकडे गेले नाही. उलट्या दिशेनं बाहेर पडले आणि रिक्षात बसूनच मजकूर लिहिला.

त्यांना विचारलं का नाही, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. तेव्हा मला वाटलं होतं, विचारायचं काय त्यात? पुडी दिसते आहे.

दुपारपर्यंत फोटो सोलापूरभर फिरला. दोन दिवसांत पत्रक आलं, दोन हजार प्रती, वर जाड अक्षरात 'हीच ती गाडी'. मला आजही ते तीन शब्द पाठ आहेत. चांगले बसले होते पानावर.

पुढच्या फेरीला चाचा आले तेव्हा गेटवरच गर्दी होती. अन्न खात्याचे एक साहेब दोन माणसं घेऊन उभे होते. मी होते, विनायक होता, फोन धरलेली दहा-बारा पोरं होती. चाचा खाली उतरले, गर्दी पाहिली, मला पाहिलं. "अरे, तू बी हायस? बरं झालं." मग साहेबांकडे वळले, "बगा साहेब. सगळं बगा. फकस्त फळ आपटू नका."

साहेबांच्या माणसानं पहिल्या क्रेटमधून पुडी काढली. मी पुढे सरकले. पुडी उघडली.

आत केळी होती. दोन. पिकून काळे डाग पडलेली, मऊ, घमघमाट सुटलेली.

दुसरी पुडी. केळी. तिसरी. केळी. साहेबांनी एक पुडी स्वतः उघडली, केळी बाजूला ठेवली आणि कागद उलगडून धरला. पिवळा कागद. 'तुमच्या ताटात विष'. खाली माझे सहा मुद्दे, त्यात चौथा. साहेबांनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. मग सगळा गेट हसला. हमाल, पोरं, फोन धरलेले हात हलत होते.

चाचा तेवढे हसत नव्हते. ते साहेबांना समजावत होते, शाळेत समजावतात तसं. "हे मास्तर हायत साहेब. पिकलेलं केळ. ह्याच्या वासानं बाजूची पपई पिकाय लागती. प्रत्येक पेटीत मास्तर बसवायचा, बाकीची पोरं आपसूक शिकत्यात. नातेपुत्याचा माल आधी चढतो, त्याला दिवस जास्त मिळत्यात, त्याला एकच मास्तर. करकंबचा शेवटी चढतो, त्याला तीन. म्हंजे बाजारात सगळे एकदम जागे व्हत्यात."

"आणि कागद?" साहेबांनी विचारलं.

"मास्तर फुटला तर पोरं नासू नयेत म्हणून. छापलेली बाजू भाईर, कोरी आत. शाई लागाय नगं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचा कागद जाड असतो. पेपरापेक्षा बरा."

मी म्हणाले, "तुम्ही पत्रकं त्यासाठी न्यायचात?"

"वाचून मग," चाचा म्हणाले. "प्रत्येक नवं पत्रक पैल्यांदा वाचून घेतलंय मी. वाचल्याशिवाय गुंडाळलं न्हाय."

घरी येऊन मी तो फोटो मोठा करून पाहिला. दोन बोटांनी ताणला. मधल्या क्रेटमधल्या पुडीवर, चुरगळलेल्या घडीत, अगदी स्पष्ट दिसत होतं, 'ताटात वि'. माझंच वाक्य. हजारो लोकांनी तो फोटो पाहिला आणि पुढे पाठवला, पण ती अक्षरं कुणाला दिसली नाहीत. मलाही नाही. लिहिणारीलाच नाही.

साहेबांनी लेखी दिलं की गाडीत काही सापडलं नाही. तो कागद चाचांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून काचेला आतून चिकटवला. पण लोक काच वाचत नाहीत, गाडीचा मागचा भाग बघतात. गिऱ्हाईक यायचं, फोनमध्ये बघायचं, नंबराकडे बघायचं आणि पुढच्या गाळ्यावर जायचं. "ती फोटोवाली गाडी." एक म्हणाला, "काय तरी असल्याशिवाय उगाच कोण छापतंय का?" मी तिथंच उभी होते. उगाच छापणारी मीच, हे त्याला सांगितलं. त्याला वाटलं, मला कुणीतरी दमदाटी करून गप्प केलंय. म्हणाला, "घाबरू नका ताई, आम्ही हाय तुमच्या पाठीशी."

मी खुलाशाचं पत्रक काढलं. गटात त्यावरून भांडण झालं. विनायकचं म्हणणं, एका गाडीपायी मोहिमेची हवा जाईल, व्यापारी ह्याचाच गाजावाजा करतील. मी म्हणाले, मग काय, चुकीचं छापलेलं तसंच ठेवायचं? तो म्हणाला, छोटं काढ. मी काढलं. पाचशे प्रती. पहिली प्रत घेऊन चाचांकडे गेले. ते टेम्पोच्या पायरीवर बसून दोरीला गाठी मारत होते.

"किती छापलीस?"

"पाचशे."

"आन् ती पैली?"

"दोन हजार."

त्यांनी मान डोलावली, गाठ ओढली. "मग बाकीच्या पंधराशे लोकांना मी काय सांगू?"

मी म्हणाले, "चाचा, मला तेव्हा खरंच वाटलं की..."

"फोटूला वास येत न्हाय ना बेटा," ते म्हणाले. "पावडरीला लसणासारखा वास येतो. जरा नाक घातलं असतंस तर कळलं असतं. चाळीस पावलांवर मी चा पीत हुतो." त्यांनीही पावलं मोजली होती. मग दोरी बाजूला ठेवून म्हणाले, "उद्या चल संगं. आता तर येळ हाय?"

मी गेले.

त्या तीन दिवसांतलं सगळं लिहीत बसले तर हे संपायचं नाही. नातेपुत्याला सकाळी पहिली क्रेट चढली. पपईवर पिवळी एकच रेघ आलेली असली तरच चाचा घेत, पूर्ण हिरवी असली तर परत झाडाकडे बघून म्हणत, "हिला अजून आईजवळ ऱ्हाऊ दे." माणसं त्यांच्याशी वाद घालत नसत. वाटेत ऊन चढलं की ते गाडी थांबवून ताडपत्रीची कड उचलत, सावली आली की पाडत. दर थांब्याला मला मागं नेत. "घे वास." पहिल्या दिवशी मला फक्त पाचट आणि डिझेल कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगोला सोडल्यावर एकदम काहीतरी गोडसर, कच्च्या काकडीला साखर लावल्यासारखं नाकात आलं. मी डोळे उघडले. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय?"

"कूस बदलतंय," मी म्हणाले.

ते इतके खूश झाले की पुढचा मैलभर मुलाच्या शाळेची, गाडीच्या पहिल्या मालकाची, कसली कसली गोष्ट सांगत राहिले. मी त्यांचं नाव बुडवलंय, हे ते विसरले होते. मी विसरले नव्हते.

शेवटी करकंब. तिथं एका मावशींच्या विहिरीभोवती पपईच्या दोन ओळी होत्या. आठवड्याला आठ क्रेट. मी रात्री त्यांच्याकडे राहिले. मावशींनी मला ओळखलं नाही. सकाळी क्रेट भरताना त्या म्हणाल्या, "कोणी एका सटवीनं फोटू टाकला म्हणं ह्यांचा." चाचा पलीकडे मास्तर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सटवी न्हाय वो. पोरगी हाय. घाईत हुती." मी खाली बसून केळी कागदात गुंडाळत होते. माझ्याच पत्रकात. प्रत्येक पुडीवर माझा चौथा मुद्दा येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोलापूर. गाडी त्यांच्या घरासमोर लिंबाखाली लावली. चौथ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी फटीला नाक लावलं, आणि मग बाजूला होऊन मला जागा दिली. मला कुणी सांगायची गरज नव्हती. जागं झालं होतं. सगळं एकदम. नातेपुते, सांगोला, करकंब, तिन्ही गावं एका वासात.

बाजारात आडत्या गेटवरच आडवा आला. वाईट माणूस नव्हता, चाचांचा माल त्यानं बरीच वर्षं विकला होता. त्यानं एक पपई उचलली, देठाजवळ अंगठ्यानं दाबली, हुंगली.

"चाचा, माल एक नंबर. पण गाडी भाईर लावा."

"भाईर?"

"गिऱ्हाईक गाडी बघतंय, मालाला हात लावत न्हाय. क्रेट हातगाडीवर आणू. कोणाला कळायचं न्हाय."

मी तोंड उघडलं. मी काय काय बोलणार होते, मला आठवत नाही, पण जोरात बोलणार होते. चाचांनी हात वर केला. त्यांनी स्वतः ताडपत्री सोडली, क्रेट उतरवायला लागले. हातगाडीच्या तीन खेपा झाल्या. टेम्पो रस्त्यापलीकडे एका पडक्या भिंतीला टेकून उभा राहिला, गेटमधून त्याचा मागचा भाग दिसणार नाही असा.

गाळ्यावर माल पटापट उठला. एका बाईंनी पपई कापून पाहिली. केशरी, देठापासून टोकापर्यंत सारखी. "कुणाच्या गाडीचा माल?" त्यांनी विचारलं.

"आमच्याच," आडत्या म्हणाला.

चाचा त्याच्या शेजारी उभे होते. रुमालानं हात पुसत होते. हात कोरडे होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "चाचा, मी गाळ्यावर जाऊन सांगते. आत्ता. ओरडून सांगते."

"आता नगं वरडू." ते रिकाम्या टेम्पोच्या मागं गेले. सवयीनं ताडपत्रीची कड उचलली, नाक लावलं. आत फक्त पाचट होतं. "माल बरोबर पोचला. गाडीच नडली. करकंबच्या बाईची आठ क्रेटं माझ्या गाडीपायी अडकून पडली असती आज. तिचं काय चुकलं? मग गाडीनंच बाजूला व्हावं."

"म्हणजे?"

"म्हंजे बाजूला."

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. मी त्यांच्या घरी गेले, दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेलेत अक्कलकोटला, येतील. दोनदा गेले. दोन्हीदा कुलूप. मला एका जागी बसवेना. मी बाजारात जायचे, गेटवर उभी राहायचे, पत्रकं पिशवीतच. प्रत्येक निळी ताडपत्री पाहिली की चालत जाऊन नंबर बघायचे. जो नंबर मी छापला तोच.

मग करकंबला गेले. मावशींना खरं सांगून टाकलं की ती सटवी मीच. त्यांनी आत जाऊन पाणी आणून दिलं. म्हणाल्या, आता व्यापाऱ्याची गाडी येते. रेघ बघत नाहीत, सगळं हिरवं तोडून नेतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर पेटीत पावडरीच्या पुड्या टाकल्या. "मी म्हनलं, आवो, हे काय टाकताय? तर म्हणतो, मावशी, बाजार उद्याचा हाय, थांबायला येळ कुटाय?"

मला वाटतं, माझ्या मोहिमेचा खरा हिशोब हाच. एक गाडी बाजूला केली, तिच्या जागी कोण आलं ते बघा.

मावशी तशा हटणाऱ्या नव्हत्या. आठातली चार क्रेट त्यांनी व्यापाऱ्याला न देता बाजूला काढून ठेवली होती. दूधगाडीवाल्याला सांगून त्या ती पंढरपूरला पाठवणार होत्या. चाचा लेकीकडे जाण्याआधी एकदा एसटीनं येऊन त्यांना शिकवून गेले होते, मास्तर कसा निवडायचा, किती बसवायचे. "डाग पडलेलं केळ घ्यायचं. साफ दिसतंय त्याला काय येत नसतंय," मावशींनी चाचांच्या आवाजात सांगितलं. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. "कागद हाय का तुज्याकडं? जाड?"

माझ्याकडे खुलाशाच्या पाचशेपैकी चारशे प्रती होत्या. बाजारात फारशा कुणी घेतल्या नव्हत्या. मी गठ्ठा काढून दिला. मावशींनी वरचा कागद उलटसुलट केला.

"काय लिवलंय ह्याच्यात?"

मी वाचून दाखवलं. विहिरीच्या कठड्यावर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. की आम्ही एका गाडीबद्दल जे छापलं ते खोटं होतं. की त्या पुड्यांत पिकलेली केळी होती. की हा माणूस फळ पिकेपर्यंत थांबतो. मावशी केळी गुंडाळायची थांबून ऐकत होत्या.

"बरं लिवलंस," त्या म्हणाल्या. "त्यांला वाचून दाखिवलंस का?"

त्या दिवशी मी चाचांना प्रत दाखवली होती. किती छापल्या तेवढंच आमचं बोलणं झालं. वाचलं कुणीच नव्हतं.

परवा मी होटगी रस्त्यानं स्कूटीवर येत होते. सिमेंटच्या एका गोदामासमोर तो टेम्पो उभा होता. मागचा नंबर तोच. दोघं जण पोती भरून झाल्यावर हात झटकत होते. चाचा पुढून मागे आले. सदऱ्यावर राखाडी धूळ, खांद्यावर तोच रुमाल. मी स्कूटी कडेला घेतली. पिशवीत खुलाशाची एक प्रत मी कायम ठेवते, ती बाहेर काढली.

निघण्याआधी ते ताडपत्रीजवळ थांबले. कड चार बोटं उचलली, फटीला नाक लावलं, डोळे मिटले. आणि लगेच जोरात शिंकले. पोती भरणारे हसले. चाचाही हसले, रुमालानं नाक पुसलं.

मधे फक्त रस्ता होता. चाळीस पावलंही नसतील. लाउडस्पीकरशिवाय सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा माझा आवाज आहे, आणि तो फुटला नाही.

त्यांनी ताडपत्रीची कड धरली आणि हलकेच खाली ओढून बांधली, आतलं कुणी जागं होऊ नये अशी. मग वरात निघाली, हळूहळू.